'नाही'चा रकाना

पाचोऱ्यातील माझ्या औषधांच्या दुकानात, गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात एक जुनी वही पडून आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, एरवी उधारी लिहायला वापरतात तशी. तिची पहिली पंधरा-वीस पाने पाण्याने फुगून वाकडी झाली आहेत आणि त्यांच्या कडेला गाळाची तपकिरी रेघ उमटली आहे. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने आहेत: 'दिले', 'शिल्लक' आणि 'नाही'. पहिले दोन कोणताही औषधविक्रेता हिशेबासाठी आखतोच. तिसरा मी पहिल्या दिवशी दुपारी, नाइलाजाने आखला. चाळीसगावच्या पुरानंतर आम्ही जी काही वैद्यकीय मदत केली, तिच्याविषयी सांगण्याजोगे बहुतेक सगळे या तिसऱ्या रकान्यातच आहे.

२०२१ साली गोकुळाष्टमी ३० ऑगस्टला, सोमवारी होती. त्या रात्री दक्षिणेकडच्या डोंगरात पाऊस कोसळत राहिला आणि मंगळवारी उजाडेपर्यंत तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या होत्या. ज्याने हे गाव उन्हाळ्यात पाहिले असेल त्याला ते खरे वाटणार नाही, कारण वैशाखात तितूरचे पात्र चपला न काढता ओलांडता येते. पण गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाटणादेवीच्या जंगलातून आणि घाटमाथ्याखालून येणारे ओढे लांबीने थोडे आणि उताराने तीव्र आहेत, त्यामुळे वर पडलेले पाणी खाली यायला दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावहून वर जाणारा रस्ता बंद झाला. बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी भरले, नदीकाठच्या खेड्यांत गोठेच्या गोठे वाहून गेले आणि शेकडो जनावरे मेली. बहुतेक जनावरे दाव्याला बांधलेली होती, ही गोष्ट पुढे अनेकांनी मला पुन्हा पुन्हा सांगितली. रात्री कोणी उठून दावे कापले असते तर, या वाक्याशी येऊन प्रत्येकजण थांबत असे.

आमचे पथक म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हती. एक निवृत्तीला आलेले डॉक्टर, दोन परिचारिका, रक्त तपासणारा एक तंत्रज्ञ, गाडी चालवणारी आणि खोकी उचलणारी दोन महाविद्यालयीन मुले आणि औषधांच्या टेबलावर बसायला मी. आम्ही एकमेकांना ओळखत होतो ते करोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या धावपळीमुळे. एप्रिलमध्ये प्राणवायूचे सिलिंडर आणि इंजेक्शने शोधताना ज्यांचे दूरध्वनी क्रमांक साठवून ठेवले होते, तेच क्रमांक सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी पुन्हा फिरवले गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

निघण्याच्या आदल्या रात्री मी जे सामान बांधले, त्याची यादी वहीच्या पहिल्या पानावर आहे आणि आज ती वाचताना मला थोडी लाज वाटते. क्षारसंजीवनीची पाचशे पाकिटे. जुलाबाच्या मुलांसाठी झिंकच्या गोळ्या. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या भीतीने डॉक्सिसायक्लिनचे डबेच्या डबे. धनुर्वाताच्या लसी, बर्फाच्या पेटीत. पट्ट्या, कापूस, जखमेवरचे तपकिरी औषध, तापाच्या गोळ्या. यातले काहीच चुकीचे नव्हते. क्षारसंजीवनीची ताकद आमच्या पिढीला कोणी पटवून देण्याची गरज नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजायला सुरुवात केली आणि पटकीने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले, हे मी औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. लेप्टोचेही तसेच. २६ जुलै २००५ नंतरची मुंबई आमच्या डॉक्टरांच्या स्मरणात पक्की होती. तेव्हा यादी शहाणपणाची होती, एवढेच की ती आपण पुरासंबंधी जे वाचलेले असते त्यावरून केलेली होती.

शिवाय दान आलेली तीन खोकी होती. त्यांच्याविषयी बोलू नये असा संकेत आहे, पण मी बोलणार आहे. लोक घरातल्या उरलेल्या गोळ्या देतात. दवाखान्यांतले लोक कंपन्यांचे फुकट नमुने देतात. आणि देताना त्यांच्या मनात खरोखर कळवळा असतो. पहाटे दोन वाजेपर्यंत मी आणि माझी पत्नी ती खोकी निवडत बसलो. अर्धवट कापलेल्या पट्ट्या, ज्यांच्यावरचे नाव कात्रीबरोबर गेलेले. केस वाढवण्याच्या गोळ्या. मुदत संपलेली खोकल्याची बाटली. जेन्शियन व्हायलेटची, म्हणजे आमच्या लहानपणी तोंड आल्यावर लावायच्या त्या जांभळ्या औषधाची एक मोठी बाटली. कोणत्या दवाखान्याच्या माळ्यावरून ती आली असेल देव जाणे. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगभरातून ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय सामान तेथे पोहोचले आणि काय आले आहे हे नुसते कळायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. त्यातले बरेचसे मुदत संपलेले किंवा निरुपयोगी होते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे औषधे दान करण्याचे नियम केले आणि पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी असे त्यात घातले, त्यामागे असेच अनुभव आहेत. आमची तीन खोकी निवडून झाल्यावर एक उरले. जांभळी बाटली मी फेकणार होतो, पण ती त्या उरलेल्या खोक्याच्या कोपऱ्यात राहून गेली.

नदीकाठच्या एका गावात शाळेच्या ओसरीवर आम्ही टेबल मांडले. शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ फळ्याच्या मध्यापर्यंत होती. पहिल्या तासाभरात आले ते सगळे यादीत बसणारे होते. पत्र्याने कापलेले हात, काचेवर पडलेले पाय, आणि चिखल्या. दोन दिवस चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोललेल्या नाहीत असा माणूस गावात सापडला नसता. परिचारिका जखमा धूत होत्या, धनुर्वाताची लस टोचत होत्या, आणि मी मलमाच्या ट्यूब देत होतो. मग साधारण अकराच्या सुमारास एक म्हातारी टेबलापुढे येऊन उभी राहिली. तिला जखम नव्हती, ताप नव्हता, जुलाब नव्हते.

"मन्या गोया वाही ग्यात, भाऊ," ती म्हणाली.

कसल्या गोळ्या, असे मी विचारले. सकाळची एक लहान, आणि रात्रीची एक मोठी. रंग पांढरा. चिठ्ठी? चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत होती आणि पेटी गेली. मी तिला सांगितले की मी डॉक्टर नाही, मेडिकलवाला आहे, आत डॉक्टरसाहेब बसले आहेत. तिने माझ्याकडे, एवढेही कसे कळत नाही, अशा नजरेने पाहिले. "मंग काय व्हयनं? गोया ते तुम्हीज देतस ना!"

तिच्या मागे रांगेत बारा-तेरा माणसे होती आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे दुखणे हेच होते. कोणाची रक्तदाबाची गोळी, कोणाची साखरेची, कोणाची थायरॉइडची, एका मुलीची फिट्सची. फिट्सची गोळी अचानक तुटली तर काय होऊ शकते हे मला ठाऊक होते आणि माझ्याकडे ती नव्हती. क्षयाच्या औषधांवर असलेला एक तरुण होता. त्याचा डबा गेला होता. त्याच्याविषयी मात्र गावच्या आशाताईंना सगळे तोंडपाठ होते, त्यांनी आम्ही पोहोचण्याआधीच त्याचा निरोप वर पोहोचवला होता. रोगराई पसरेल म्हणून आम्ही धावत आलो होतो आणि येथे लोक त्या दुखण्यांविषयी बोलत होते जी त्यांना पुराच्या आधी दहा वर्षांपासून होती. नदीने त्यांना आजारी पाडले नव्हते. आजार सांभाळण्याची जी रोजची घडी त्यांनी कशीबशी बसवली होती, ती देवळीतली गोळ्यांची वाटी, दाराच्या खिळ्याला अडकवलेली दवाखान्याची पिशवी, तेवढी नेली होती. दुपारी जेवायच्या आधी मी पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला.

त्या दिवशीचा तो रकाना असा आहे: थायरॉइड. फिट्स. इन्सुलिन. डोळ्यांत टाकायचा काचबिंदूचा थेंब. दम्याचा पंप. चष्मा. कवळी. गाईला काही आहे का. वासावर काही आहे का. हे शेवटचे कितीतरी जणांनी विचारले, कारण ओढ्याकाठी मेलेली जनावरे फुगून पडलेली होती आणि त्या वासानेच साथ येते अशी सर्वांची खात्री होती. वासाने साथ येत नाही, पाणी बिघडले तर येते, हे डॉक्टर प्रत्येकाला समजावून सांगत होते आणि प्रत्येकजण मान हलवून पुन्हा नाकाला धोतराचे टोक लावत होता. मीही रुमाल काढला नाही.

एक नोंद परिचारिकेच्या अक्षरात आहे: सॅनिटरी पॅड. बायका माझ्या टेबलापाशी येऊन हे बोलणार नव्हत्या. त्या आतल्या वर्गात जखम दाखवायच्या निमित्ताने गेल्या आणि तेथे बोलल्या. माझ्या दुकानात दर्शनी फळीवर ही पाकिटे रचलेली असतात, मी ती रोज विकतो, आणि बांधाबांध करताना ती माझ्या मनातही आली नाहीत. कवळीबद्दल मला वाईट वाटले होते. याची मात्र शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलाला एक पाहुणा मिळाला आणि आमचे काम खरे तर तेव्हा सुरू झाले. चाळीसगावातला एक औषधविक्रेता. माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. त्याच्या दुकानात कमरेच्या वर पाणी होते. खालच्या फळ्यांवरचा सगळा माल चिखलात गेला होता, संगणक गेला होता, शीतपेटी उलटी होऊन तरंगत होती. माल कितीचा होता हे मी विचारले नाही. धंद्यातल्या माणसाला ते विचारावे लागत नाही. दुकानातला गाळ उपसायला मजूर मिळत नव्हते, म्हणून तो त्या दिवशी मोकळा होता, असे त्याने सांगितले. या गावातली बरीच माणसे बाजाराच्या दिवशी त्याच्याकडूनच गोळ्या नेत असत.

तो माझ्या शेजारी स्टुलावर बसला आणि रांगेकडे पाहू लागला. पहिली ती कालची म्हातारीच होती. "अंबाबाई," तो म्हणाला (नाव मी बदलले आहे), "सकाळी अ‍ॅम्लोडिपिन पाच, रात्री मेटफॉर्मिन पाचशे. महिन्याचे एकदम नेत नाही, पंधरा दिवसांचे नेते." तिच्या मागचा माणूस: "याला दोन गोळ्या होत्या, मार्चमध्ये एक बंद केली." त्याच्या मागची बाई: "ही घेतच नाही. नवऱ्याच्या नेते." संगणक गाळात पडला होता आणि वीस वर्षांचे दुकान तो चेहऱ्यांवरून वाचून दाखवत होता. डॉक्टरांनी अर्थात कोणाचेही नुसत्या सांगण्यावरून लिहिले नाही, प्रत्येकाचा रक्तदाब मोजला, बोटाला टोचून साखर पाहिली आणि मगच चिठ्ठी केली. पण दोन दिवसांत त्याचे सांगणे फक्त दोनदा चुकले आणि त्या दोन्ही वेळी त्याने स्वतःच, "थांबा, हा धाकटा भाऊ, याला काही नाही," अशी दुरुस्ती केली. मी पाचोऱ्याला मुलाला दूरध्वनी करून दुकानातून एकेक नाव मागवत होतो आणि संध्याकाळच्या गाडीने माल येत होता. 'नाही'च्या रकान्यातल्या नोंदींवर एकेक आडवी रेघ पडू लागली.

संध्याकाळी चहा पिताना मी त्याला म्हटले की तुमचे उधारीचे खातेही पाण्यात गेले असेल. तो हसला. उधारीही तोंडपाठ आहे, म्हणाला, पण यंदा विसरायचे ठरवले आहे.

इन्सुलिनची गोष्ट मात्र माझ्या चुकीची आहे. पहिल्या दिवशी एका शेतकऱ्याची साखर यंत्राच्या मापाबाहेर गेली होती. त्याला डॉक्टरांनी लगेच ट्रॅक्टरवर बसवून चाळीसगावच्या रुग्णालयात पाठवले. एका बाईची साखर त्याच्याइतकी नव्हती, पण चढत होती आणि तिची इन्सुलिनची कुपी गेली होती. मी पाचोऱ्याहून कुपी मागवली, ती बर्फाला थेट चिकटून गोठू नये म्हणून कापडात गुंडाळून आणवली आणि स्वतःवर खूश झालो. सुया-सिरिंज निरोपात घाईने सांगितल्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक कुप्यांत प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४० एकके असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० एककांच्या औषधासाठी असते. आली ती नारिंगी. त्या सिरिंजवर वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढले असते, तर बाईला वीसऐवजी आठच एकके मिळाली असती आणि साखर का उतरत नाही म्हणून आम्ही सगळे डोके खाजवत बसलो असतो. मी पाकीट देऊन पुढच्या माणसाकडे वळलोही होतो. परिचारिकेने बाईच्या हातातले पाकीट पाहिले, काही न बोलता परत आणून माझ्यापुढे ठेवले आणि टोपणावर बोट टेकवले. पंचवीस वर्षे मी हे गिऱ्हाइकांना समजावून सांगत आलो आहे. त्या दिवशी लाल टोपणे संध्याकाळच्या गाडीने आली आणि तोवर डॉक्टरांनी परिचारिकेच्या पिशवीतल्या एकमेव योग्य सिरिंजने डोस दिला. कुपी ठेवायला फ्रिज नव्हता, वीजही नव्हती. बाईने ती माठाच्या गारव्याला ठेवली आणि ते अगदी बरोबर केले.

विहिरीचे काम आमचे नव्हते, आरोग्यसेवकांचे होते. पण ते चार गावांना पुरे पडत नव्हते म्हणून शाळेतल्या गुरुजींनी आमच्या मुलांना हाताशी धरले. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, हे प्रमाण गुरुजींना ठाऊक होते, आणि विहिरीत किती हजार लिटर आहेत हे काढायला त्यांनी नववीच्या मुलांना दोरी आणि दगड घेऊन काठावर उभे केले. व्यास चार मीटर, पाणी पाच मीटर. पोरांनी ओल्या भिंतीवर कोळशाने आकडेमोड केली आणि त्रेसष्ट हजार लिटरच्या जवळ उत्तर आणले, म्हणजे पावडर दीडशे-एकशे साठ ग्रॅम. पाणी गढूळ म्हणून दुप्पट घातली. तासाभराने नळीतल्या पाण्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तेव्हा गुरुजींना पुरापेक्षा मुलांचे उत्तर बरोबर आल्याचे अधिक काही वाटले असावे असा माझा संशय आहे. गावातल्या निम्म्या लोकांनी ते पाणी औषधाचा वास येतो म्हणून प्यायला नकार दिला, ते वेगळे.

क्षारसंजीवनीच्या पाचशे पाकिटांतली चारशे साठ मी परत आणली. जुलाबाची साथ आली नाही, यात आमचे श्रेय किती आणि विहिरीचे किती, हे मला सांगता येणार नाही.

४ तारखेला आम्ही परतलो, आणि ६ तारखेला मी एकटाच पुन्हा गेलो. उरलेल्या सात-आठ नोंदींचा माल पोहोचवायचा होता. निघताना लक्षात आले नव्हते, पण त्या दिवशी पोळा होता. खान्देशात पोळ्याच्या सकाळी गावात शिरले की धुतलेल्या बैलांचा, शिंगांच्या हिंगुळाचा आणि पुरणाचा असा एक वास येतो. त्या दिवशी गावात बैल होते, पण थोडे, आणि ज्यांचे वाचले होते त्यांनीही ते सजवून मारुतीपर्यंत मिरवत न नेता दारातच ओवाळले. शेजारच्या दारासमोर मोकळा खुंटा असताना घुंगरू वाजवत कोण नेणार? मी घरोघर पाकिटे देत होतो आणि घरोघर मला, "भाऊ, जेवी ल्या," असे म्हटले जात होते; ज्या घरात पिठाचा डबा मदतीतून आलेला होता त्या घरातसुद्धा.

इन्सुलिनवाल्या बाईच्या ओट्यावर तिचे दोन नातू गाळाचे बैल करत बसले होते. गाळ काय, हवा तितका होता. सहा बैल वाळत ठेवले होते आणि वशिंडे झकास जमली होती. थोरला माझ्या पिशवीत डोकावला आणि त्याने विचारले, लाल रंगाचे औषध आहे का, शिंगांना लावायला. दुकाने बंद होती, हिंगूळ मिळाला नव्हता. मी सवयीने वही काढली, 'नाही'च्या रकान्यात 'रंग' असे लिहिले आणि मग आठवले. गाडीतल्या खोक्याच्या कोपऱ्यात ती जांभळी बाटली अजून पडली होती, मुदत संपून चार वर्षे झालेली. काडीला कापूस गुंडाळून दिला, तोंडात घालायचे नाही असे दोनदा बजावले आणि मी आत जाऊन बाईची साखर लिहून घेऊ लागलो.

बाहेर येईपर्यंत सहाही बैलांची शिंगे जांभळी झाली होती, आणि त्याबरोबर चार हात, दोन शर्ट, ओट्याची कड आणि धाकट्याचा एक कान. त्यांची आई हातात पुरणाचा चमचा घेऊन दारात आली, तिने आधी पोरांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

"आते हाऊ रंग कव्हय निंघी, भाऊ?"

आठ दिवस लागतील, मी म्हणालो, आणि वहीतल्या 'रंग' या शब्दावर रेघ मारली.